ग्रामीण ख्रिस्ती मंडळीतील तरुण संघ : नेतृत्वाचा प्रारंभ आणि सातत्याचा प्रश्न (मुकुटबन परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तरुण संघ ही परिचित संस्था आहे. शब्बाथ शाळेचे वय ओलांडलेली, परंतु मंडळीच्या कारभारात अद्याप स्थान न मिळालेली मुले-मुली या संघात येतात. रविवारच्या उपासनेनंतर किंवा शनिवारी सायंकाळी त्यांची सभा भरते. गीते, प्रार्थना, पवित्र शास्त्राचा अभ्यास आणि नाताळचा कार्यक्रम हे तिचे ठरलेले स्वरूप असते. शहरातील मोठ्या मंडळीत या कामासाठी प्रशिक्षित पाळक किंवा स्वतंत्र कार्यकर्ता असू शकतो. ग्रामीण भागात मात्र ही जबाबदारी बहुधा वीस-बावीस वर्षांच्या एखाद्या पदवीधर तरुणावर वा तरुणीवर येऊन पडते. त्यांना या कामाचे शिक्षण मिळालेले नसते, अनुभव नसतो आणि आपण गावात किती वर्षे राहणार याचीही खात्री नसते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. ती प्रामुख्याने मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व नागपूर अशा भागांत एकवटलेली आहे. विदर्भाच्या दक्षिण टोकावरील तालुक्यांत मंडळ्या लहान असतात. अशा मंडळीत दहा-बारा तरुण असणे हीच मोठी गोष्ट ठरते. त्यांच्यापैकी दोघे-तिघे शिक्षणासाठी बाहेर गेले की संघ थांबतो. काही वर्षांनी नवा उत्साही कार्यकर्ता तो पुन्हा सुरू करतो आणि तोही गेला की पुन्हा खंड पडतो.

प्रस्तुत लेखात अशा ठिकाणी तरुण संघाचे नेतृत्व स्वीकारणाऱ्या व्यक्तीने प्रारंभ कसा करावा, याचे विवेचन केले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, स्थलांतर हे ज्या परिसराचे स्थायी वास्तव आहे, तेथे नेत्याचे पहिले काम कार्यक्रम उभे करणे हे नसून जबाबदारीचे वाटप करणे हे आहे. नेता निघून गेल्यावरही संघ चालू राहील अशी रचना पहिल्या दिवसापासून करावी लागते. ख्रिस्ती तरुणांच्या चळवळींचा इतिहासही याच निष्कर्षाकडे नेतो.

परिसराचे स्वरूप :

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील, वणीच्या दक्षिणेस वसलेले बाजाराचे गाव आहे. वणीकडून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. पैनगंगेपलीकडे तेलंगणा राज्य सुरू होते. त्यामुळे या पट्ट्यात मराठीच्या वऱ्हाडी बोलीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषाही कानी पडतात. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. कातकरी व माडिया गोंड हे अन्य दोन होत. कापूस, सोयाबीन व तूर ही शेतीची मुख्य पिके आहेत. कोळसा व चुनखडी यांमुळे या भागात खाणी आल्या आणि अलीकडच्या वर्षांत मोठा सिमेंट प्रकल्पही उभा राहिला.

तरुण संघाच्या दृष्टीने या वर्णनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, येथील तरुण बाहेर जातो. बारावीनंतर वणी, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर किंवा पुणे येथे शिक्षणासाठी वा कामासाठी जाणे हा त्याच्या आयुष्याचा अपेक्षित टप्पा आहे. दुसरी म्हणजे, खाण व कारखान्यांच्या निमित्ताने बाहेरचे कामगार, वाहनचालक व तंत्रज्ञ या भागात येतात. त्यांत तरुणांचे प्रमाण मोठे असते आणि त्यांना गावात ओळख नसते. तिसरी म्हणजे, एकाच बाकावर बसलेल्या तरुणांची घरची भाषा, समाज आणि आर्थिक स्थिती वेगवेगळी असू शकते. या तीन गोष्टी लक्षात न घेता शहरी मंडळीचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलला, तर तो फार काळ टिकत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ख्रिस्ती मंडळ्यांनी तरुणांसाठी स्वतंत्र काम सुरू केले, त्यामागे प्रत्येक वेळी काही सामाजिक बदल होता. इंग्लंडमध्ये १७८० च्या सुमारास ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी चालविलेल्या रविवारच्या शाळा या कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी होत्या. ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन अर्थात वायएमसीए स्थापन केली. विल्यम्स हे स्वतः ग्रामीण भागातून लंडनला आलेले कापडदुकानातील नोकर होते. महानगरात एकट्या पडलेल्या, दुकानाच्या माळ्यावर राहणाऱ्या तरुणांना संगत मिळावी, हा त्यांचा मूळ हेतू होता. म्हणजे ही संस्था स्थलांतरिताच्या गरजेतून आणि स्थलांतरितांच्याच पुढाकाराने जन्मास आली. भारतात के. टी. पॉल हे १९१६ मध्ये तिच्या राष्ट्रीय परिषदेचे पहिले भारतीय सरचिटणीस झाले. शहरी वसतिगृहे व क्रीडांगणे यांच्यापुरते मर्यादित असलेले काम खेड्यापर्यंत, सहकारी पतपुरवठा व ग्रामीण पुनर्रचनेपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत झाला. मेन राज्यातील पोर्टलंड येथील विलिस्टन मंडळीचे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी २ फेब्रुवारी १८८१ रोजी आपल्या निवासस्थानी मंडळीतील मुलामुलींना बोलावून ख्रिश्चन एंडेव्हर या संघाची स्थापना केली. या संघाचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक सभासदाने सभेत केवळ उपस्थित न राहता काहीतरी भाग घेण्याचे वचन द्यावयाचे होते. प्रार्थनासभा, सभासदांची विचारपूस, स्नेहसंमेलन अशा कामांसाठी तरुणांच्याच समित्या होत्या. पाळकाने सर्व काही करून दाखवावे आणि तरुणांनी पाहावे, ही रीत या रचनेने मोडली. ही चळवळ थोड्याच काळात जगभर पसरली आणि १९०९ मध्ये तिची जागतिक परिषद आग्रा येथे भरली.

तिसरा प्रवाह कॅथलिक परंपरेतील आहे. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी औद्योगिक कामगार तरुणांसाठी उभारलेल्या चळवळीला १९२५ मध्ये संघटित रूप आले. शाळा सोडून कारखान्यात गेलेले आपले सवंगडी चर्चपासून दुरावले, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्यांची त्रिसूत्री पुढे जगभरातील विद्यार्थी व कामगार तरुणांच्या गटांनी स्वीकारली. पोप फ्रान्सिस यांनी तरुणांविषयीच्या २०१८ च्या धर्माध्यक्षीय सभेनंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तुस विवित’ या लेखनातही तरुण हेच तरुणांमधील कार्याचे कर्ते आहेत, अशी भूमिका मांडली आहे.

यवतमाळ जिल्ह्यालाही या संदर्भात स्वतःचा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्री मेथॉडिस्ट मिशनने या जिल्ह्यात काम केले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही आंतरमंडळीय ईशज्ञान संस्था स्थापन झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील पाळक तेथे घडले. १९८३ मध्ये ही संस्था पुण्यास स्थलांतरित झाली. विदर्भाचे दुसरे स्थान म्हणजे नागपूर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथेच उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तीस वर्षे सेमिनरी जिल्ह्याच्या ठिकाणी असूनही तिच्या स्थलांतरानंतर ग्रामीण मंडळ्यांना प्रशिक्षणासाठी दूर पाहावे लागते, ही बाब बोलकी आहे. संस्था हलतात, माणसेही हलतात. स्थानिक माणसांच्या हाती जे कौशल्य उतरले असेल तेच मागे राहते.

नेतृत्वाची संकल्पना :

नवा कार्यकर्ता नेतृत्वाचा अर्थ बहुधा ‘पुढे उभे राहून बोलणे’ असा घेतो. तोच गीत निवडतो, तोच प्रार्थना करतो, तोच संदेश देतो आणि शेवटी सतरंजीही तोच गुंडाळतो. पहिले काही महिने हे काम उत्साहाने होते. त्यानंतर तो थकतो आणि सभासद प्रेक्षक बनतात. पवित्र शास्त्रात निर्गम ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हाच दोष दाखवून देतो : सर्व तंटे एकट्यानेच सोडवीत बसल्याने मोशेही खचेल आणि लोकही खचतील, म्हणून योग्य माणसे निवडून भार वाटून घ्यावा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलही चार पिढ्यांची साखळी कल्पितो. पौलाकडून तीमथ्याने ऐकावे, तीमथ्याने विश्वासू माणसांना सोपवावे आणि त्यांनी आणखी इतरांना शिकवावे.

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हाच विचार रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात ‘सहभागाची शिडी’ या रूपकातून मांडला. या शिडीला आठ पायऱ्या आहेत. खालच्या तीन पायऱ्यांवर मुलांचा सहभाग केवळ दिसण्यापुरता असतो. त्यांना वापरले जाते, शोभेसाठी उभे केले जाते किंवा नावापुरते विचारले जाते. वरच्या पायऱ्यांवर त्यांना माहिती दिली जाते, त्यांचे मत घेतले जाते, निर्णयात वाटा मिळतो आणि शेवटी पुढाकार त्यांच्याकडून येतो. या कसोटीवर अनेक तरुण संघांची स्थिती तपासून पाहण्यासारखी आहे. नाताळच्या आधी पताका लावणे, खुर्च्या मांडणे, नाटिका बसविणे आणि भोजनाच्या पंगतीत वाढणे ही कामे तरुणांकडे असतात. मात्र कार्यक्रम कोणता, खर्च किती आणि तो कशासाठी, हे आधीच ठरलेले असते. असा सहभाग शिडीच्या खालच्या भागातच मोडतो.

महाविद्यालयीन अध्यापकांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या अनुभवावरून हा भेद सहज लक्षात येईल. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित असते. जेथे कार्यक्रमाधिकारी स्वयंसेवकांना गाव निवडण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत सहभागी करून घेतात, तेथे त्यातून कार्यकर्ते घडतात. जेथे केवळ तास भरले जातात, तेथे प्रमाणपत्रे मिळतात. तरुण संघाचेही असेच आहे.

प्रारंभीचे तीन महिने :

नेतृत्वाची सुरुवात अधिकाराच्या स्पष्टतेपासून व्हावी. पाळक किंवा धर्मगुरू आणि मंडळीचे वडील यांच्याशी आधी बोलून चार बाबी लेखी ठरवून घ्याव्यात : संघ कोणत्या वयोगटासाठी आहे, सभेला कोणती जागा व वेळ मिळेल, खर्च कोणाच्या संमतीने होईल आणि नेत्याचा कार्यकाळ किती असेल. वयोगटाचा प्रश्न किरकोळ नाही. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९ वर्षे वयाची व्यक्ती होय. परंतु पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि अठ्ठावीस वर्षांचा नोकरदार यांच्या गरजा एक नसतात. संख्या कमी असल्याने सभा एकत्र घ्यावी लागली, तरी चर्चेचे गट वेगळे करावेत.

दुसरे काम ऐकण्याचे आहे. पहिल्या तीन महिन्यांत नवा कार्यक्रम जाहीर करण्याची घाई करू नये. प्रत्येक तरुणाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसून बोलावे. तो काय शिकतो, घरी शेती आहे की मजुरी, सायंकाळी त्याला कोणती वेळ मोकळी असते, तो मंडळीत पूर्वी येत असे आणि आता का येत नाही, हे समजून घ्यावे. या भेटींची एक साधी नोंदवही ठेवावी. तीत नाव, शिक्षण, संपर्क आणि त्या व्यक्तीला येणारी एखादी गोष्ट लिहावी. ढोलक वाजविणे, सुवाच्य अक्षर, मोटार दुरुस्ती, हिशेब, स्वयंपाक किंवा दोन भाषा बोलता येणे या सर्वांची संघाला गरज असते. नोंदवहीत गावाबाहेर गेलेल्यांचीही नावे असावीत.

तिसरे काम वेळापत्रकाचे आहे. ते शहरी वर्षाप्रमाणे न आखता शेतीच्या व परीक्षेच्या वर्षाप्रमाणे आखावे लागते. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरपासून सोयाबीनची काढणी व पुढे कापसाची वेचणी, त्यातच विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चपासून शालान्त व उन्हाळी परीक्षा, असा हा क्रम असतो. वेचणीच्या हंगामात शनिवारी सायंकाळी मुले थकून घरी येतात. त्या काळात महिन्यातून दोन लहान सभा पुरेशा ठरतात. नाताळात बाहेरगावचे तरुण परत येतात, म्हणून वर्षाचा आढावा तेव्हा घ्यावा. पदाधिकाऱ्यांची निवड मात्र नाताळात किंवा जूनमध्ये न करता मे महिन्यात करावी. निकाल लागून प्रवेश सुरू झाले की कोण गावात राहणार व कोण जाणार हे उलगडते. त्यापूर्वी जाणाऱ्याने राहणाऱ्याला काम समजावून दिलेले असावे.

जबाबदारीचे वाटप :

दहा-बारा सभासदांच्या संघात पाच कामे वाटता येतात : नोंद व निरोप, भेटी व विचारपूस, गीत व उपासना, सेवाकार्य आणि हिशेब. प्रत्येक काम एका व्यक्तीकडे न देता जोडीकडे द्यावे. जोडीत एक जाणता व एक नवा असावा आणि सहा महिन्यांनी नव्याने जाणत्याची जागा घेऊन दुसऱ्या नवोदिताला सोबत घ्यावे. एक व्यक्ती गाव सोडून गेली तरी काम जाणणारी दुसरी व्यक्ती शिल्लक राहते. क्लार्क यांच्या समित्यांमागील तत्त्व येथे लहान प्रमाणावर उपयोगात येते.

असे वाटप करताना नेत्याला एक किंमत मोजावी लागते. नवशिक्याने निवडलेले गीत बेसूर होईल, संदेश लांबेल किंवा तुटक होईल, निरोप दोन घरी पोहोचणार नाही. स्वतः केले असते तर नीट झाले असते, हा विचार नेत्याच्या मनात वारंवार येईल. परंतु सभा सुबक होणे आणि सभासद घडणे या दोहोंत निवड करावयाची असेल, तर दुसऱ्याला प्राधान्य द्यावे लागते. चूक झाल्यास ती सर्वांसमोर न दाखविता नंतर एकांतात सांगावी. अपमान झालेला तरुण सहसा भांडत नाही. तो पुढच्या शनिवारी येत नाही.

मुलींच्या सहभागाचा येथे स्वतंत्र विचार आवश्यक आहे. अनेक ठिकाणी मुली गीतांपुरत्या पुढे असतात आणि हिशेब व निर्णय मुलांकडे असतात. सायंकाळची वेळ, घरी परतण्याचा रस्ता आणि लोकापवाद यांमुळे त्यांचे येणे कमी होते. सभा उजेडी संपविणे, त्यांना घरापर्यंत सोबत देणे आणि प्रत्येक जोडीत मुलींना समान स्थान देणे या साध्या उपायांनी फरक पडतो.

सभेची रचना व आशय :

सभा सव्वा ते दीड तासांची असावी. आरंभीची गीते, आठवड्याची विचारपूस, शास्त्रपाठ व त्यावर चर्चा, प्रार्थना आणि पुढील कामाचे ठरविणे, एवढे भाग पुरतात. भाषेबाबत विशेष दक्षता हवी. मराठी ख्रिस्ती समाजात कीर्तन व भजनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग व भजनांच्या रूपात मांडून तिला समृद्ध केले. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनामुळे सामुदायिक प्रार्थनेची सवय सर्व समाजांत रुजलेली आहे. त्यामुळे गिटार नसल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. ढोलक, टाळ व खंजिरी पुरेशी आहेत. तेलुगू, गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या सभासदाला अधूनमधून आपल्या भाषेत प्रार्थना करण्यास सांगितल्यास तो पाहुणा न राहता घरचा होतो.

आशयासाठी कार्डाइन यांची त्रिसूत्री उपयुक्त आहे. उदाहरणार्थ, कापूस वेचणीच्या दिवसांत ‘पाहा’ या भागात वेचणीला जाणाऱ्या सभासदांनी आपला दिवस, मजुरी आणि त्रास यांविषयी बोलावे. ‘पारखा’ या भागात रूथचे पुस्तक वाचावे. परक्या देशातून आलेली ही विधवा बवाजाच्या शेतात मागे राहिलेली कणसे वेचून आपले व सासूचे पोट भरते. गरीब व परदेशी यांच्यासाठी शेताच्या कडा सोडाव्यात, असा नियम लेवीय ग्रंथात आहे. रूथची कथा त्याच नियमाच्या आधारे उभी आहे. ‘कृती’ म्हणून हंगामात शाळेत गैरहजर राहणाऱ्या लहान मुलांचा अभ्यास आठवड्यातून दोन दिवस घेण्याचे ठरू शकते. अशी कृती लहान, ठराविक मुदतीची आणि पुढील सभेत तपासता येईल अशी असावी. या पद्धतीत नेत्याला विद्वान वक्ता असण्याची गरज राहत नाही. त्याला चांगला प्रश्न विचारता आला पाहिजे.

सुरक्षितता, विश्वास व कायदेशीर भान :

तरुण संघात अठरा वर्षांखालील सभासद असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या व्यक्तीने पोलिसांना कळविणे कलम १९ नुसार बंधनकारक असून न कळविणे हा दंडनीय अपराध आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने त्या संस्थेत केलेला अपराध कायद्याने अधिक गंभीर मानला आहे. मंडळीचे नाव जाईल या भीतीने असे प्रकरण आपसात मिटविणे कायद्याला धरून नाही आणि धर्मालाही धरून नाही.

म्हणून काही नियम आरंभीच जाहीर करावेत. कोणत्याही प्रौढाने अल्पवयीन सभासदाशी बंद खोलीत एकट्याने बसू नये. शिबिरास पालकांची लेखी संमती व दोन प्रौढ स्त्री-पुरुषांची उपस्थिती असावी. भ्रमणध्वनीवरील गटात किमान एक पालक वा वडील सभासद असावेत. सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचे सरसकट वचन नेत्याने देऊ नये. जिवाला वा शरीराला धोका असेल तर योग्य व्यक्तीला सांगावे लागेल, हे आधीच स्पष्ट करावे. कर्जबाजारीपणाचे व शेतकरी आत्महत्यांचे दुःख यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांनी पाहिले आहे. खचलेल्या तरुणाला केवळ प्रार्थनेचा उपदेश करून परत पाठवू नये. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून सुरू असलेली १४४१६ ही टेलिमानस सेवा आणि बालकांसाठी १०९८ हा क्रमांक सभेच्या जागी लावलेला असावा.

पैशाबाबतही स्पष्टता हवी. वर्गणी लहान असली तरी पावती, दोघांच्या सह्या आणि तिमाही हिशेबाचे वाचन हे नियम पाळावेत. मंडळीची मालमत्ता व निधी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली येत असल्यास संघाचा हिशेबही त्यातच दाखवावा लागतो.

इतर धर्मांचे मित्र सभेला आले तर त्यांचे स्वागत व्हावे. मात्र अल्पवयीन असल्यास पालकांना माहिती असावी. सेवाकार्य व धर्मप्रवेश यांची सांगड घालू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्माचे आचरण व प्रसार यांचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि, रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा अधिकार समाविष्ट नसल्याचे स्पष्ट केले. गावातील सलोखा हा ज्या लहान समाजाचा आधार आहे, त्याच्या तरुणांनी पारदर्शक असणे हितावह ठरते.

स्थलांतर आणि सातत्य :

तरुण गावाबाहेर जातो याला अनेकदा संघाची हानी मानले जाते. वास्तविक तोही संघाच्या कार्याचा भाग मानला पाहिजे. जाणाऱ्या प्रत्येकाला संघाने निरोप द्यावा, त्याच्या नव्या शहरातील मंडळीचा पत्ता द्यावा आणि तेथील पाळकाला परिचयपत्र पाठवावे. पहिल्या तीन महिन्यांत ‘भेटी व विचारपूस’ पाहणाऱ्या जोडीने त्याला दर आठवड्याला दूरध्वनी करावा. नव्या वसतिगृहातील एकटेपणाचा काळ हाच असतो. लंडनच्या कापडदुकानातील तरुणांना जे हवे होते, तेच नागपूर वा पुण्याच्या भाड्याच्या खोलीतील तरुणाला हवे असते.

याची दुसरी बाजू म्हणजे मुकुटबन परिसरात कामानिमित्त येणारा तरुण. तो ओडिशातील असेल, झारखंडचा असेल किंवा आंध्रचा. रविवारी मागच्या बाकावर बसून निघून जाणाऱ्या या व्यक्तीशी पहिल्याच दिवशी कोणी बोलले, तर तो संघाचा सभासद होऊ शकतो. संख्येने लहान असलेल्या संघाला यातून नवे हात मिळतात आणि दूरच्या घरी त्या तरुणाच्या आईचा घोर कमी होतो.

महाविद्यालयांचे स्थान :

हा विषय चर्चपुरता मर्यादित नाही. तरुण संघाचे सभासद हे महाविद्यालयांचेच विद्यार्थी असतात. सभेचे संचालन, इतिवृत्तलेखन, हिशेब व गटचर्चा ही कौशल्ये वर्गात शिकविली जातात. परंतु त्यांचा सराव भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ, बुद्धविहारातील युवक गट, बचतगट आणि चर्चचा तरुण संघ यांसारख्या ठिकाणी होतो. समाजशास्त्र, समाजकार्य व शिक्षणशास्त्र विभागांना या गटांत अभ्यासाचे मोठे क्षेत्र आहे. इतिवृत्त कसे लिहावे, चर्चा कशी चालवावी, पॉक्सो कायद्यातील कर्तव्ये कोणती, अशा विषयांवर सर्व समाजांच्या युवक गटांसाठी एक-दोन दिवसांची कार्यशाळा एखादे महाविद्यालय आपल्या विस्तारकार्यातून सहज घेऊ शकते.

समारोप :

ग्रामीण मंडळीतील तरुण संघाचे नेतृत्व स्वीकारणाऱ्या व्यक्तीस साधने थोडी आणि मुदत अल्प मिळते. त्यामुळे त्या मुदतीत किती कार्यक्रम झाले यापेक्षा किती जणांना काम करता येऊ लागले, हा यशाचा निकष ठरतो. अधिकाराची स्पष्टता, घरोघरी भेटी, स्थानिक हंगामाला धरून वेळापत्रक, जोडीने जबाबदारी, परिसराच्या भाषेतील उपासना, अल्पवयीनांची सुरक्षितता आणि मे महिन्यातील नियोजित हस्तांतरण या बाबी प्रारंभीच्या वर्षात साध्य करता येण्याजोग्या आहेत. त्यांपैकी कोणत्याही बाबीस मोठा निधी लागत नाही. नेता गाव सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सभेची सतरंजी कोणी अंथरली आणि नोंदवही कोणी उघडली, यावरून त्याच्या कामाचे खरे मूल्यमापन होते.